उंचीचा त्रास: हिमालयात डोके दुखले तर ते ‘पित्त’ समजू नका

थोडक्यात

- उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. तो तरुण, सशक्त, रोज व्यायाम करणाऱ्या माणसालाही होतो.
- सह्याद्रीतल्या अनुभवावरून हिमालयात तुम्हाला त्रास होईल की नाही, हे कळत नाही.
- त्रास सुरू झाला की आणखी वर जायचे नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचे.
- तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी किंवा डिसेंबरचा शेवट जवळ आला की करावे, सीवूड्स, नेरूळ भागातले बरेच जण वैद्यकीय तपासणीचा फॉर्म घेऊन दवाखान्यात येतात. कोणाला केदारकांठ्याला जायचे असते, कोणाला बाइकवरून लेहला. कोणी आईवडिलांना घेऊन केदारनाथला निघालेले असते. काही तरुण गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकायला जातात, काही मनाली किंवा उत्तरकाशीच्या संस्थेत गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायला. सगळ्यांना फॉर्मवर सही हवी असते. पण उंचीवर गेल्यावर त्या सहीचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो तुम्हाला, तुमच्या सोबत्यांना आणि घरच्यांना असलेल्या माहितीचा.

उंचीवर शरीरात काय होते?

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते करावेच्या खाडीकाठी असो वा एव्हरेस्टवर, तेवढेच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. ५,५०० मीटरवर तो निम्म्यावर येतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो.

शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वासाचा वेग वाढतो, नाडी जलद होते, लघवी जास्त होते. मूत्रपिंडे रक्तातली आम्लता सावरतात, म्हणजे जलद श्वास चालू ठेवता येतो. पुढे तांबड्या पेशीही वाढतात. या बदलांतल्या काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे. उंचीचा त्रास होतो तो मुख्यतः शरीराला हा वेळ न दिल्यामुळे.

कळसूबाई केले, तरी का पुरत नाही?

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. हरिश्चंद्रगड त्याहून कमी, आणि पनवेलजवळचे प्रबळगड-कलावंतीण तर साधारण ७०० मीटरचे. म्हणजे तुम्ही सह्याद्रीतले शंभर किल्ले केले असले, लिंगाणा दोर लावून चढला असलात, तरी तुमचे शरीर विरळ हवेत कसे वागते हे तुम्हाला अजून ठाऊक नाही.

सह्याद्रीतल्या ट्रेकचा फायदा नक्की होतो. पाय मजबूत होतात, दम वाढतो, पाठीवर ओझे घेऊन चालायची सवय लागते. मात्र उंचीच्या त्रासापासून त्याने संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो, कमी विश्रांती घेतो आणि त्रास लपवून पुढे जातो. त्यामुळे तो कधी कधी जास्त धोक्यात येतो.

आपल्या देशाला याचा अनुभव आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरून घाईने उंचीवर नेलेल्या जवानांमध्ये हा त्रास मोठ्या प्रमाणावर दिसला. लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांची माहिती १९६९ साली प्रसिद्ध केली. तो अभ्यास आजही जगभर महत्त्वाचा मानला जातो. हे सगळे निवडून घेतलेले, कसलेले जवान होते. आज भारतीय लष्करात उंचीवर पाठवताना साधारण २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात ६ दिवस, पुढे ४,५०० मीटरपर्यंतच्या टप्प्यात आणखी ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस सवयीसाठी देतात. आता तुमच्या सहलीचा कार्यक्रम काढून त्यात किती दिवस दिले आहेत ते पाहा.

त्रासाचे तीन प्रकार

*१. साधा उंचीचा त्रास.* ट्रेक लीडर याला ‘एएमएस’ म्हणतात. उंचीवर पोहोचल्यावर काही तासांत, बहुधा पहिल्या रात्री तो सुरू होतो. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. सोबत मळमळ, उलटी, भूक नसणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर.

ही लक्षणे वाचून तुम्हाला काय आठवले? आपल्याकडे यालाच ‘पित्त झालंय’ म्हणतात. डोके दुखते, मळमळते, जेवण नको वाटते, मग पित्ताची गोळी घेऊन माणूस झोपतो आणि सकाळी पुढच्या कँपला निघतो. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते गाडी लागली, कोणी म्हणते रात्रीचे जेवण बाधले. एक नियम पाठ करा: २,५०० मीटरच्या वर आजारी पडलेल्या माणसाला, दुसरे कारण पक्के कळेपर्यंत, उंचीचाच त्रास आहे असे धरायचे.

आणखी वर गेला नाहीत तर हा त्रास बहुतेकांचा १ ते ३ दिवसांत थांबतो.

*२. मेंदूला सूज (‘हेस’).* साध्या त्रासाकडे दुर्लक्ष करून वर जात राहिल्यास हे होऊ शकते. माणसाचा तोल जातो, दारू प्यायल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा गप्प पडून राहतो, बुटाची नाडी बांधायलाही जमत नाही. पुढे शुद्ध हरपते. उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. सपाट जागेवर हे जमत नसेल तर धोका आहे.

*३. फुप्फुसात पाणी (‘हेप’).* उंचीच्या त्रासाने होणाऱ्या मृत्यूंचे हे मोठे कारण आहे. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, बरेचदा रात्री सुरू होते. काल सगळ्यांच्या पुढे असणारा आज मागे पडतो. थोडे चालून थांबल्यावरही दम बसत नाही. कोरडा खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, ओठ-नखे निळसर दिसतात. नंतर बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेसाळ, कधी गुलाबी कफ पडतो. डोके अजिबात दुखत नसतानाही हे होऊ शकते. सर्दी-खोकला असताना वर गेल्यास धोका वाढतो.

पैसे भरण्याआधी कार्यक्रम तपासा

दिवसा थोडे वर जाऊन आलात तरी चालते. महत्त्वाची असते ती मुक्कामाची उंची. साधा हिशोब असा:

- ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये.
- दर ३-४ दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच उंचीवर असावा.
- शक्य असल्यास दिवसा थोडे वर जाऊन झोपायला खाली यावे. एव्हरेस्टला जाणारे संघ ५,३६४ मीटरवरच्या बेस कँपपासून वरच्या कँपवर चढउतार करत कित्येक आठवडे घालवतात, ते याचसाठी.

काही नेहमीची उदाहरणे पाहू.

*मनाली ते लेह.* मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. पहिलाच मुक्काम सरचूला (सुमारे ४,३०० मीटर) केला तर एका दिवसात मुक्कामाची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढते. सरचूच्या तंबूत रात्रभर डोके धरून बसलेले कितीतरी बाइकस्वार तुम्हाला भेटतील. आधी जिस्पाला (सुमारे ३,२०० मीटर) थांबणे बरे. श्रीनगरहून कारगिलमार्गे लेहला गेल्यास उंची हळूहळू वाढते. वेळ असेल तर जाताना तो रस्ता घ्या आणि मनालीचा येताना.

*विमानाने लेह.* सकाळी मुंबईत, दुपारी ३,५०० मीटरवर. पहिले ४८ तास लेहमध्येच काढा. पहिल्या दिवशी फक्त आराम, दुसऱ्या दिवशी हळूहळू फिरणे. नंतर आधी नुब्रा खोऱ्यात मुक्काम (हुंदर सुमारे ३,१०० मीटर) आणि त्यानंतर पँगाँग (सुमारे ४,२५० मीटर), हा क्रम ठेवा. खारदुंगला खिंडीत फोटोसाठी तासभर रेंगाळू नका.

*केदारनाथ.* गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. हेलिकॉप्टरने हे अंतर काही मिनिटांत संपते. चालायचे कष्ट वाचतात, पण शरीराला सवय व्हायला मिळणारा वेळही जातो. वयस्कर माणसांना हेलिकॉप्टरने नेणार असाल तर आधी खालच्या डोंगरी गावात एक-दोन रात्री काढा आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी परत उतरा.

*गुलमर्ग.* गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा वरचा टप्पा स्कीइंगवाल्यांना ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. रात्री झोपायला गुलमर्गलाच परत येतात, म्हणून तुलनेने बरे असते. तरी पोहोचल्या दिवशीच वरच्या टप्प्यावर जाऊ नका. वर डोके गरगरत असेल तर घसरत उतरण्याऐवजी गोंडोलाने उतरा. तोल बिघडलेल्या अवस्थेत स्कीइंग करणे म्हणजे हाडे मोडून घेणे.

ट्रेकर मंडळींच्या गप्पांतले काही समज

*‘कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो.’* नाही. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

*‘ऑक्सिजनचा कॅन बॅगेत आहे, काळजी नाही.’* १० लिटरचा कॅन मिनिटाला २ लिटर या वेगाने ५ मिनिटांत संपतो. त्याने क्षणभर बरे वाटते. खाली उतरण्याला तो पर्याय नाही.

*‘दोन पेग रम घेतली की थंडी वाजत नाही.’* दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. झोपेत श्वास मंदावतो आणि सकाळचा हँगओव्हर कोणता, उंचीचा त्रास कोणता, हे कळत नाही. झोपेच्या गोळ्याही टाळा.

*‘भरपूर पाणी प्यायले की उंची लागत नाही.’* पाणी प्यावे, कारण कोरड्या हवेत शरीरातले पाणी कमी होते. लघवी फिकट पिवळी होईल इतके पुरे. बळेबळे लिटरच्या लिटर प्यायल्याने उंचीचा त्रास टळत नाही, उलट रक्तातले सोडियम घसरू शकते.

*‘ऑक्सिमीटरवर ८८ आहे, मग ठीक.’* कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर आता ट्रेकला जातात. लेहच्या उंचीवर निरोगी माणसाचा आकडाही नव्वदच्या खाली येऊ शकतो आणि थंड बोटांवर यंत्र चुकते. आकडा चांगला असून माणूस तोल जाऊन पडत असेल, तर त्याला उतरवायलाच हवे. सोबत्यांपेक्षा आकडा बराच कमी असेल, तर लक्षणे नसली तरी त्याच्यावर लक्ष ठेवा.

*‘गेल्या वर्षी काही झाले नाही.’* चांगले आहे. पण या वर्षी कार्यक्रम घाईचा असेल किंवा सर्दी झालेली असेल तर त्रास होऊ शकतो. उलट, पूर्वी एकदा त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. ते डॉक्टरांना जरूर सांगा.

औषधांबद्दल

*अॅसिटाझोलामाइड* (डायमॉक्स) शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना साधारणपणे १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, मुक्कामाची सर्वांत जास्त उंची गाठल्यानंतर २ ते ४ दिवसांपर्यंत किंवा उतरायला लागेपर्यंत देतात. ती प्रत्येकाला लागत नाही. सावकाश कार्यक्रम असेल तर बहुतेकांना गरज नसते. थेट ३,००० मीटरच्या वर जाऊन झोपणार असाल किंवा पूर्वी त्रास झाला असेल तर डॉक्टर देऊ शकतात.

बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे आणि सोडा बेचव लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गर्भारपण असेल तर आधी सांगा. निघण्यापूर्वी घरीच एक-दोन दिवस घेऊन पाहणे चांगले. आणि ही गोळी चालू आहे म्हणून दोन दिवसांचे अंतर एका दिवसात चढू नका.

डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही गंभीर त्रासावरची औषधे आहेत. ती जाणकाराच्या सल्ल्यानेच द्यायची, आणि ती दिल्यावरही उतरायचेच असते.

कोणी आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे?

- हृदयविकार: अलीकडे झटका आला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय जाऊ नका.
- रक्तदाब: उंचीवर सुरुवातीला दाब वाढतो. गोळ्या बंद करू नका. दाब आधीच आटोक्यात नसेल तर प्रवास पुढे ढकला.
- मधुमेह: इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते अंगावरच्या कपड्यांच्या आत ठेवा. थंडीत ग्लुकोमीटरचा आकडा चुकू शकतो.
- दमा: इनहेलर बॅगेच्या तळाशी न टाकता खिशात ठेवा.
- अॅनिमिया: विशेषतः महिलांनी निघण्याच्या महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासावे, म्हणजे उपचाराला वेळ मिळतो.
- सिकलसेल: विदर्भ, नंदुरबार, पालघर भागातल्या काही समाजांत हा आजार आढळतो. आजार असलेल्यांनी उंचीवर जाऊ नये. नुसत्या वाहकांनीही आधी विचारावे. उंचीवर डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागले तर लगेच उतरावे.
- गर्भवती महिला: उंचीवरचे ट्रेक टाळावेत. अमरनाथ यात्रेत तर ६ आठवड्यांपुढच्या गर्भवतींना परवानगीच नसते.

फॉर्मसाठी केलेला ईसीजी, रक्तदाब आणि ‘ऑक्सिजन ९८’ हा आकडा तुमची समुद्रसपाटीवरची स्थिती सांगतात. तुमच्या आजारांमुळे असलेला धोका त्यातून थोडाफार कळतो. उंचीचा त्रास होईल की नाही हे सांगणारी तपासणी आमच्या दवाखान्यात नाही, मोठ्या रुग्णालयातही नाही.

घरच्यांसाठी: फोन आला तर काय विचाराल?

कँपवर रेंज मिळाली की मुले घरी फोन करतात. ‘थंडी आहे का? स्वेटर घातलास का?’ याच्याबरोबर हेही विचारा:

१. डोके दुखतेय का? गोळी घेऊन थांबले का?
२. आज जेवलास का? उलटी झाली का?
३. बसल्या बसल्या धाप लागते का? आडवे झाल्यावर खोकला येतो का?
४. सरळ रेषेत टाच-अंगठा लावून चालता येते का? हे सोबत्याला बघायला सांगा.
५. लीडरला सांगितलेस का?

बोलणे तुटक, गोंधळलेले वाटले तर फोन सोबत्याकडे द्यायला सांगा. मेंदूला सूज आलेल्या माणसाला आपले काही बिघडले आहे हे स्वतःला कळत नाही.

अनेक ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाक्य घरातून निघतानाच सांगून ठेवा: ‘पैसे गेले तरी चालतील, त्रास झाला तर उतर.’ बरेच जण केवळ भरलेले पैसे, मिळालेली रजा आणि ग्रुपमध्ये होणारी थट्टा यांच्या विचाराने गप्प बसतात. ते दडपण घरच्यांच्या एका वाक्याने बरेच हलके होते. विमा पॉलिसीत उंचीवरचा ट्रेक आणि बचावाचा खर्च धरला आहे का, तेही आधीच वाचा.

लगेच काय करायचे?

*साधा त्रास असेल तर:* त्याच उंचीवर थांबा, आराम करा, पाणी प्या, थोडे खा. लक्षणे पूर्ण जाईपर्यंत वर जाऊ नका. एका दिवसात फरक पडला नाही किंवा त्रास वाढला तर उतरा.

*तोल जाणे, गोंधळ, ग्लानी किंवा बसल्या जागी धाप असेल तर:*

- लगेच खाली न्या, रात्र असली तरी. निदान ३०० ते १,००० मीटर, किंवा बरे वाटेपर्यंत.
- रुग्णाला कधीही एकटे पाठवू नका. फुप्फुसात पाणी झालेल्याला शक्यतो चालवू नका, उचलून, खेचरावर किंवा गाडीने न्या. अंग गरम ठेवा.
- ऑक्सिजन असेल तर लावा. उतरणे अशक्य असेल तर काही कँपवर असलेली दाबाची पिशवी वापरतात, पण ती फक्त वेळ मिळवून देते.
- ११२ वर फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हे सरकारी रुग्णालय आहे.

वेळेवर खाली आणलेला माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. मात्र ‘हेस’ किंवा ‘हेप’ होऊन गेले असेल तर त्याच सहलीत पुन्हा वर जाऊ नका, आणि पुढच्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना भेटा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार, चालू औषधे आणि सहलीचा दिवसवार कार्यक्रम घेऊन निघण्याच्या निदान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*